आठ महिने कराटे शिकतोय, पण घरी सराव टिकत नाही आणि स्पॅरिंगमध्ये काही सुचत नाही. शिस्त कशी आणावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आठवड्याचे तीन क्लास तुम्ही चुकवत नाही, पण घरी सराव करायचं ठरवलं की चार दिवसांत बारगळतं. आणि क्लासमध्ये पंच-किक छान बसतात, सर मान डोलावतात, पण स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या झुंजीला, उभं राहिलं की डोकं कोरं होतं. या दोन्हींना तुम्ही 'माझ्यात शिस्त नाही' असं एकच नाव दिलंय. आठ महिने आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या माणसात शिस्त नाही, हे मला काही पटत नाही. घरचा सराव बुडतो, कारण तो दिवसातल्या कशालाच बांधलेला नाही. स्पॅरिंगमध्ये सुचत नाही, कारण सुचण्याचा सराव झालेलाच नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर नऊ वर्षं शोतोकान शैलीचं कराटे, मध्ये दोन वर्षं गुडघ्यापायी बंद, आणि आता चार वर्षं ज्युदो. पदकं वगैरे नाहीत. सोडून देऊन परत आलेला विद्यार्थी एवढीच पात्रता आहे, पण सोडणं आणि परत येणं हे दोन्ही जवळून पाहिलंय.

आधी घरच्या सरावाचं. सुरुवातीला मीही वेळापत्रक केलं होतं. पहाटे साडेपाच, वीस मिनिटं दोरीच्या उड्या, शंभर किक, तीन काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली), शेवटी स्ट्रेचिंग. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चारच भरले. पाचव्या दिवशी उशिरा जाग आली, 'आता एवढं सगळं कुठे होणार' म्हणून काहीच केलं नाही, आणि सहाव्या दिवशी आदल्या दिवसाची लाज वाटून पुन्हा काहीच केलं नाही. घोळ त्या 'एवढं सगळं'मध्ये होता.

नंतर जे टिकलं ते हास्यास्पद वाटेल इतकं छोटं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढायचे आणि कुठेही बसायच्या आधी एक हेयान शोदान करायचा. 21 हालचालींचा काता आहे, एक मिनिटसुद्धा लागत नाही. बहुतेक दिवशी एकाचे तीन व्हायचे, मग थोड्या किक, पंधरा-वीस मिनिटं सहज जायची. एखाद्या दिवशी खरंच जीव नसायचा, तेव्हा एक काता करून आडवा व्हायचो, आणि तो दिवसही वहीत पूर्ण म्हणून लिहायचो. यात लबाडी नाही. आधी वेळ अंगवळणी पाडायची, सराव किती करायचा ते नंतर वाढवता येतं. उलट क्रमाने करायला गेलं की दोन्ही जातात.

'21 दिवसांत सवय लागते' असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, आणि बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला दोषही दिला असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला साधारणपणे 66 दिवस लागले, आणि व्यक्तीव्यक्तीतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे माझा पाचवा दिवस चुकला त्याने काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सहाव्या दिवशी.

प्रेरणादायी व्हिडिओ बघावेत का, असंही विचारलंत. बघा हवं तर, पण सरावानंतर. आधी बघितले की सराव केल्यासारखंच वाटायला लागतं.

आता स्पॅरिंगचं, कारण खरी मेख तिथे आहे.

माझा पहिला सामना दोन मिनिटांचा होता. त्याआधीच्या वर्षभरात मी हवेत काही हजार ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचे पंच, मारले असतील. कंबर वळायची, मागची टाच जमिनीवर, दुसरा हात बरगडीशी, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं. सामन्यात त्यातला एकही लागला नाही. समोरचा मुलगा माझ्यापेक्षा बुटका होता आणि त्याला धड दोनच गोष्टी येत होत्या: समोरच्याचा पुढचा पाय आपल्या पायाने झाडून काढणं आणि त्यामागोमाग पंच. मी वजन पुढे टाकलं रे टाकलं की तो माझा पाय झाडायचा. दोन मिनिटांत मी तीनदा खाली बसलो. घरी जाऊन मी काय केलं असेल? आणखी ग्याकु झुकी, हवेतच. आज आठवलं की हसू येतं.

हवेत किंवा पॅडवर मारताना सगळे निर्णय आधीच झालेले असतात. कुठला वार, किती अंतरावरून, कधी, हे सर मोजून देतात. तुम्ही फक्त हात हलवता. स्पॅरिंगमध्ये आधी बघायचं, मग ओळखायचं, मग निवडायचं आणि शेवटी मारायचं. तुमचा आठ महिन्यांचा सराव या शेवटच्या पायरीचा आहे. डोळ्याला दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, तोही काय करायचं ते आधी ठरलेलं असेल तर. पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 सालीच मोजून दाखवलं होतं. तुमच्या डोक्यात आठ महिन्यांत शिकलेल्या पंधरा-वीस गोष्टी एकाच वेळी दाराशी गर्दी करतात, म्हणून एकही बाहेर पडत नाही. त्या बुटक्या मुलाकडे दोनच होत्या. त्याचं सोपं होतं.

म्हणून पुढचे दोन महिने स्पॅरिंगला दोनच गोष्टी घेऊन जा. एक पुढे जाण्यासाठी, एक समोरचा पुढे आला तर. समजा, माए गेरी (समोरची सरळ किक) आणि ग्याकु झुकी. बाकी काही आलं नाही तरी चालेल, मार बसला तरी चालेल. त्या दोन गोष्टी कुठल्या अंतरावरून लागतात आणि कुठल्या अंतरावरून लागत नाहीत, एवढंच शोधायचं.

या बाबतीत ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचं डोकं किती पुढे होतं ते मला ज्युदोत आल्यावर कळलं. 1882 मध्ये त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सूत, म्हणजे ज्युदो ज्यातून निघालं त्या जपानी झुंजविद्येत, इजा करणारे डाव भरपूर होते, आणि इजा होते म्हणूनच ते पूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या माणसावर करता येत नसत. कानोंनी असे डाव मोकळ्या झुंजीतून, म्हणजे रांदोरीतून, वगळले. जे उरले ते रोज, खऱ्या ताकदीने, पडायला तयार नसलेल्या माणसावर करता येऊ लागले. सौम्य दिसणारा डाव शंभर माणसांवर करून बघितलेला असेल, तर तो कधीच न वापरलेल्या जीवघेण्या डावापेक्षा जास्त कामाला येतो.

कराटेतही ठरलेल्या वारापासून मोकळ्या झुंजीपर्यंत नेणारी शिडी आहे बरं का, आपणच तिच्या मधल्या पायऱ्या खाऊन टाकतो. कुमिते म्हणजे जोडीने झुंजीचा सराव. गोहोन कुमितेत पाच पावलं, वार ठरलेला, जागा ठरलेली. इप्पोन कुमितेत एकच पाऊल. जियू इप्पोनमध्ये वार सांगून, पण कधी आणि कुठल्या अंतरावरून ते मारणाऱ्याच्या मर्जीवर. आणि मग जियू कुमिते, म्हणजे मोकळं. बऱ्याच क्लासमध्ये पहिल्या दोन पायऱ्या परीक्षेपुरत्या घोकून घेतात आणि तिथून थेट शेवटच्या पायरीवर ढकलतात. जियू इप्पोनवर महिनाभर रेंगाळा. सरांना विचारा, नाहीतर क्लास सुटल्यावर जोडीदाराबरोबर दहा मिनिटं थांबा. तो फक्त माए गेरी मारेल, पण कधी ते सांगणार नाही. तुम्ही फक्त तिरकं बाहेर पडायचं. आठवडाभराने त्यात तुमचा प्रत्युत्तराचा वार घाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला दोन वारांपैकी कुठलाही मारायची मुभा द्या. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला किक निघायच्या आधी त्याचा खांदा किंवा कंबर किंचित हललेली दिसायला लागेल. तो क्षण फार मजेचा असतो.

क्रमाचीही एक गंमत आहे. पन्नास माए गेरी, मग पन्नास मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची किक), मग पन्नास पंच, असं गठ्ठ्याने केलं की शेवटी शेवटी मस्त बसतं आणि आपण खूश होऊन घरी जातो. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली दोन गटांना शिकवल्या, एकाला गठ्ठ्याने, दुसऱ्याला सरमिसळ करून. सराव चालू असताना गठ्ठेवाले पुढे होते. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा सरमिसळवाले पुढे निघाले. त्यामुळे नवीन किक पहिल्या दोन-तीन दिवशी गठ्ठ्याने करा, हात बसू द्या, आणि मग लगेच मिसळून टाका. सराव गचाळ झाल्यासारखा वाटेल, पण त्याने घाबरू नका. घाम किती गेला यावरून सराव मोजण्याची सवय मला मोडायला फार वर्षं लागली. घाम तर पाट्या टाकतानाही येतो.

मग काता कशाला, असं विचाराल. मी काताचा विरोधक नाही. 'एका काताला तीन वर्षं' अशी कराटेत जुनी म्हणच आहे, आणि शोतोकानचे जनक फुनाकोशी यांनी तेक्की नावाचे तीन काता शिकण्यात आपली दहा वर्षं गेल्याचं लिहून ठेवलंय. तोल, कंबर, श्वास यांच्यासाठी आणि एकट्याने करता येतो म्हणून काता उत्तम. समोरच्या माणसाचं अंतर ओळखायला मात्र समोर माणूसच लागतो.

वही ठेवा. क्लास सुटल्यावर दोनच ओळी: काय करून बघितलं, कुठे अडलं. माझ्या वहीत एका महिन्यात सलग सात नोंदी 'डावा हात खाली' अशा निघाल्या. सर तेच सांगत होते, पण सातदा स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर लागलं. मग जोडीदाराला सांगितलं की हात खाली आला की गालावर हलकी टपली मार. दहा दिवसांत हात वर. अशा जोडीदाराचा शिस्तीला दुसराही उपयोग असतो: कोणीतरी आपली वाट बघतंय म्हटल्यावर दांडी मारणं अवघड जातं.

बेल्टबद्दल एकच सांगतो. काळा बेल्ट कोदोकानमध्ये 1880च्या दशकात आला. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगांची उतरंड नंतर, ज्युदो युरोपात पोचल्यावर रुजली. म्हणजे मधले रंग ही विद्यार्थ्याला धीर देण्याची सोय आहे. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात जीव तोडून सराव आणि नंतर दोन महिने सुट्टी, हे चक्र मी बऱ्याच जणांत पाहिलंय, स्वतःसकट.

ताकद आणि दमसासाचं फार मनावर घेऊ नका. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट्स, पुश-अप्स, ओढण्याचा एखादा व्यायाम आणि दोरी, सध्या पुरे. एक मात्र पाळा, ताणून धरण्याचं लांबलचक स्ट्रेचिंग सरावानंतर करा. आधी हालचालीतून अंग गरम करायचं.

दुखण्याचं मात्र मनावर घ्या. मांडीचे, पोटाचे स्नायू जड होऊन दुखणं एक ते तीन दिवसांत उतरतं. त्यावर हलका सराव चालतो. सांध्यात टोचल्यासारखं, एका ठरावीक कोनात, दर वेळी तिथेच दुखत असेल तर थांबायचं. माझा गुडघा मावाशी गेरीला टेकवलेल्या पायावर वळताना दुखायचा. एका शिक्षकांनी 'दुखतंय म्हणजे तयार होतोय' असं सांगितलं आणि मी मूर्खासारखा चार महिने त्यावरच वळत राहिलो. स्नायूंपेक्षा अस्थिबंध (लिगामेंट) आणि कंडरा (टेंडन) फार सावकाश तयार होतात, तेव्हा दम आणि जोर वाढला म्हणून सांधेही तयार झाले असं धरून चालू नका. माझी दोन वर्षं त्यात गेली. आणि डोक्याला फटका बसून गरगरलं, मळमळलं किंवा क्षणभर काही आठवेनासं झालं, तर त्या दिवशी स्पॅरिंग बंद. डॉक्टरांना दाखवून त्यांनी हो म्हटल्यावरच परत. तिथे 'सहन करतो' म्हणण्यात काही शौर्य नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की सुरुवात नेमकी कुठून करू. घरी आज संध्याकाळी बूट काढल्यावर एक काता. क्लासमध्ये पुढच्या स्पॅरिंगआधी जोडीदाराला सांगा, 'पहिला राउंड मी मारणार नाही, फक्त तुझ्या किकच्या टप्प्याबाहेर राहून बघणार.' तो हसेल. मग राउंड संपल्यावर त्याला विचारा की मी कधी टप्प्यात येत होतो. त्याला ते तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत असेल.