विंचरताना केस उभे राहतात आणि चटचट आवाज येतो. कंगवे बदलूनही फरक नाही. काय करावं? केस खराब झालेत का?

आधी विंचरणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की केस बसवायला जावं तसे ते आणखीच उभे राहतात. राहणारच! मीही कित्येक वर्षं हेच करत होते, घाईच्या वेळी तर अगदी इरेला पेटून. पण कोरड्या केसांतून कंगव्याचा प्रत्येक हात फिरला की आपणच त्यांच्यावर नवा विद्युतभार चढवत असतो.

प्लॅस्टिकचा कंगवा घासला की केसांवरचे काही इलेक्ट्रॉन कंगव्याकडे जातात. केस धनभारित होतात, कंगवा ऋणभारित. डोक्यावरच्या सगळ्या केसांवर एकाच जातीचा भार आला, की जो तो शेजाऱ्यापासून लांब पळतो. गालाला मात्र तेच केस हटकून चिकटतात.

पण विंचरतो तर आपण बारा महिने, मग हा ताप ठरावीक दिवसांतच का? हवा दमट असते तेव्हा केसांवर पाण्याचा अगदी पातळ, न दिसणारा थर असतो आणि भार त्यातून निघून जातो. आर्द्रता साधारण 40 टक्क्यांच्या खाली गेली की ही वाट बंद होते. कडक थंडी, हीटर, दिवसभराचा एसी, सगळ्यांचा परिणाम तोच. तुमचे तीन कंगवे वाया गेले ते यामुळेच. भार तयार होतच राहणार, त्याला जायला वाट हवी.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक कंडिशनरने पडतो, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर किंचित ऋणभार असतो. कंडिशनरमधल्या मुख्य रेणूचं एक टोक धनभारित असतं, त्यामुळे तो केसाला धरून बसतो आणि पाण्याने धुतल्यावरही थोडा मागे उरतो. त्याची लांब, तेलकट शेपटी बाहेरच्या बाजूला राहते, म्हणून कंगवा घसरतो आणि घर्षणच कमी होतं. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रायमोनियम क्लोराइड असं काही दिसतं का बघा. लावायचं केसांच्या लांबीला, टाळूला नाही. धुऊन टाकायचा कंटाळा असेल तर न धुता ठेवायचं मिळतं, तेही चालतं.

घाईत असाल तर तळहात ओले करा, झटका आणि केसांवरून अलगद फिरवा. किंवा तेलाचा एकच थेंब दोन्ही हातांवर चोळून फक्त टोकांना लावा. एक म्हणजे एकच, नाहीतर परत धुवायची वेळ येते. लाकडी कंगवा प्लॅस्टिकपेक्षा बरा. धातूचाही चालतो, कारण भार त्यातून हातात उतरतो. त्याची मूठ प्लॅस्टिकची असेल तर मात्र उपयोग फारसा नाही.

कपड्यांकडेही बघा. पॉलिएस्टरचं अस्तर असलेली टोपी, डोक्यावरून ओढून काढायचा स्वेटर. एकदा रात्री दिवा बंद करून असा स्वेटर काढून बघा, निळसर ठिणग्या दिसतील. अशी ठिणगी बोटाला जाणवते तेव्हा दाब काही हजार व्होल्ट असतो, पण प्रवाह क्षणभराचा आणि वीज इतकीशी की अपाय होत नाही.

केस खराब झालेत का, तर निव्वळ या विजेमुळे नाही. मात्र अलीकडे ब्लीच किंवा रंग केला असेल तर केसावरचा मूळचा स्निग्ध थर निघून जातो, केस खरखरीत होतात आणि हा त्रास वाढतो.

राहिला आयनवाला ड्रायर. तो ऋण आयन सोडतो आणि केसांवरचा धनभार त्यांनी भागतो, तत्त्व बरोबर आहे. पण त्यानेच केस पार कोरडे होईपर्यंत वाळवत बसलात तर पुन्हा तेच. घरात असेल तर वापरा. केवळ एवढ्यासाठी मी विकत घेणार नाही.