दहा दिवस आणि दोन अरण्ये

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझी पत्नी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची पुरातन जंगले पाहायला जात आहोत. सॅन फ्रान्सिस्कोहून मोटारीने निघून, तंबूत मुक्काम करत, दहा दिवसांत सिअ‍ॅटल गाठावे आणि रोज नवे जंगल पाहावे, असे मला वाटते. एवढ्या धावपळीत जंगल दिसणारच नाही, असे पत्नीचे म्हणणे आहे. जगातले सर्वांत उंच झाड पाहण्याचीही फार इच्छा आहे. प्रवास कसा आखावा?

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. मुक्कामासाठी दोनच जागा निवडा: उत्तर कॅलिफोर्नियातील, रेडवुड या प्रचंड सूचिपर्णी वृक्षांच्या उद्यानांत पाच रात्री आणि वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री. उरलेला वेळ मोटारीच्या प्रवासालाच लागेल.

मोटारीच्या काचेतून फक्त खोडे दिसतात, आणि पुरातन जंगल म्हणजे केवळ मोठी खोडे नव्हेत. दोन हजार वर्षांपर्यंत जगू शकणारे वृक्ष, त्यांच्या सावलीत वाढण्याची वाट पाहणारी रोपे, उभी वाळलेली झाडे आणि शतकानुशतके कुजत पडलेले ओंडके हे सारे एकाच ठिकाणी नांदत असते, आणि ते पाहायला पायी हिंडावे लागते, पुष्कळदा नुसते उभे राहावे लागते. ऑलिम्पिकमधील ‘हो’ नदीच्या खोऱ्यात, जिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, पडलेल्या ओंडक्यावर हेमलॉक आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची रोपे रुजतात. पुढे ओंडका कुजून नाहीसा होतो आणि मोठी झालेली झाडे एका सरळ रांगेत, मुळांच्या कमानींवर उभी राहिलेली दिसतात. मेलेले झाड इतक्या जिवांना पोसते, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. अशा जागी घाई करणे मला खरोखर दुःखदायक वाटते.

सर्वांत उंच झाडाचा नाद मात्र सोडावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. सुमारे 116 मीटर उंचीचा हा रेडवुड 2006 मध्ये सापडला. त्याच्याकडे जाणारी अधिकृत पायवाट नाही. तरीही लोक झाडोरा तुडवत जात राहिले, बुंध्याजवळची नेची नष्ट झाली, माती दबून घट्ट झाली, आणि अखेर 2022 मध्ये तो परिसर बंद करावा लागला. तिथे जाणाऱ्याला 5,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एवढ्या प्रचंड वृक्षाला सोटमूळ नसते. त्याची मुळे जेमतेम दोन ते चार मीटर खोल, परंतु आडवी तीस मीटरपर्यंत पसरलेली असतात, म्हणून बुंध्यापासून दूर पडलेले पाऊलही त्याला जाचते. त्याऐवजी रेडवुड उद्यानांपैकीच असलेल्या जेडेडाया स्मिथ उद्यानातील ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’ पाहा. तिथे मुळांना इजा होऊ नये म्हणूनच जमिनीपासून उंचावर चालण्याचा मार्ग बांधलेला आहे.

तंबूची जागा सहा महिने आधी राखून ठेवता येते. ती लगेच ठेवा. पाऊस नसतानाही तंबूवर वरचे जलरोधक आच्छादन घालायला विसरू नका, कारण समुद्राचे धुके झाडांच्या शेंड्यांत अडकते आणि रात्रभर थेंबाथेंबाने खाली ठिबकत राहते. कोरड्या उन्हाळ्यात रेडवुडला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा याच धुक्याचा असतो. सप्टेंबर हा एल्क या मोठ्या हरणांच्या माजाचा काळ असल्यामुळे नरांपासून किमान 50 मीटर दूर राहावे. जळाऊ लाकूड मुक्कामाजवळच विकत घ्यावे, म्हणजे झाडांचे रोग आणि किडी सोबत जात नाहीत.

अन्न अस्वलांपासून सुरक्षित राहील अशा लोखंडी पेटीत ठेवावे, हे आपल्याला तिथे सांगितले जाईलच. त्याइतकेच महत्त्व जेवणानंतर सांडलेल्या कणांना आहे. मार्बल्ड मरलेट हा समुद्रपक्षी याच जुन्या वृक्षांच्या रुंद, शेवाळलेल्या फांद्यांवर एकच अंडे घालतो. उष्ट्याच्या आशेने तळावर जमणारे ‘जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे ती अंडी आणि पिल्ले खातात. तेव्हा उठण्यापूर्वी टेबलाखालचा शेवटचा कणही वेचून घ्या.

जेडेडाया स्मिथमधलीच स्टाउट ग्रोव्हची फेरी अवघी एक किलोमीटरभराची आहे. तिच्यासाठी एक संपूर्ण दुपार राखून ठेवा.