'पेल्टन'चा 'पेलणे'शी संबंध आहे का?

एका शिक्षिकेने विचारले आहे: विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी जलविद्युत केंद्राची प्रतिकृती केली आणि फलकावर लिहिले, 'पेलटन चक्र, म्हणजे पाणी पेलणारे चाक'. ही व्युत्पत्ती बरोबर आहे का? आणि त्या चाकाच्या कडेवर बसवलेल्या, पाण्याचा झोत अंगावर घेणाऱ्या 'बकेट'ला मराठीत 'बादली' म्हणावे का?

व्युत्पत्ती बरोबर नाही. पेल्टन हे या चाकाच्या शोधकाचे आडनाव आहे. पण मुलांची चूक मला फार आवडली, कारण हे चाक नेमके उलटे काम करते. ते पाणी पेलत नाही, म्हणूनच त्याचे नाव झाले.

लेस्टर अ‍ॅलन पेल्टनचा जन्म 1829 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याचे ऐकून हजारो लोक तिकडे धावले, त्यांच्यात 1850 मध्ये विशीतला हा तरुणही होता. तिथे त्याने काही काळ मासेमारी केली आणि पुढे खाणींच्या मुलखात, कॅम्पटनव्हिल परिसरात, सुतारकाम आणि गिरण्यांची यंत्रे बसवण्याचे काम धरले. खाणींना दगड फोडायला, कुटायला शक्ती लागे. वाफेच्या इंजिनांना लाकूड पुरेना, भोवतालचे डोंगर उघडे पडत चालले. पाणी मात्र उंचावरून येत होते, प्रवाह बारीक पण जोर प्रचंड.

आता 'पेलणे' या क्रियापदाकडे येऊ. पेलणे म्हणजे भार तोलून धरणे. जुन्या पाणचाकांचा एक प्रकार खरोखरच पाणी पेलायचा: वरून खणांत पाणी पडे, त्याच्या वजनाने चाक खाली ओढले जाई. डोंगरातून नळाने आणलेल्या बारीक, वेगवान झोताला हा प्रकार उपयोगाचा नव्हता. म्हणून खाणवाले सपाट फळ्यांच्या चाकावर झोत सोडत. त्या चाकाला ते 'हर्डी-गर्डी' म्हणत, जे एका हाताने फिरवायच्या वाद्याचेही नाव आहे. पण सपाट फळीवर आदळलेले पाणी आजूबाजूला उडते, आणि अशा चाकाला झोतातली फार तर निम्मी शक्ती मिळू शकते.

पेल्टनने काय केले ते स्वयंपाकघरात दिसते. नळ जोरात सोडून त्याखाली पळी उताणी धरा. धार खोलगट भागात शिरते, आतल्या वळणाने फिरते आणि उसळून तुमच्याच अंगावर येते. पाण्याची दिशा जवळजवळ उलटली, म्हणून पळीला जास्त जोराचा धक्का बसला. पेल्टनने अशा दोन वाट्या शेजारी शेजारी जोडल्या आणि मधे एक धारदार उभा कणा ठेवला. झोत त्या कण्यावर येतो, दुभंगतो, दोन्ही वाट्यांतून वळून कडेने बाहेर पडतो. चाकाचा वेग झोताच्या साधारण निम्मा ठेवला, की बाहेर पडणाऱ्या पाण्यात वेग जवळपास उरतच नाही. सारा चाकाला देऊन ते नुसते खाली गळते. ही कल्पना त्याला एका गाईच्या नाकपुड्यांवर पाण्याचा झोत बसून दुभंगताना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. दुसरी गोष्ट अशी, की एक चाक आसावर सरकले, झोत खोलगट भागाच्या मध्याऐवजी कडेवर पडू लागला आणि चाक अधिक वेगाने फिरताना त्याने पाहिले. मला दुसरी अधिक पटते, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या नजरेला शोभणारी आहे.

1880 मध्ये त्याला पेटंट मिळाले. 1883 मध्ये ग्रास व्हॅलीतल्या आयडाहो खाण कंपनीने चाकांची स्पर्धा घेतली, तेव्हा पेल्टनच्या चाकाची कार्यक्षमता 90.2 टक्के भरली. लाकूड आणि लोखंडाशी झटणाऱ्या एका कारागिराने हे साधले, याचे मला मनापासून अप्रूप आहे. 1908 मध्ये तो वारला.

म्हणून 'बादली' नको. बादली, पोहरा, रहाटाचे लोटे ही सगळी पाणी धरून ठेवणारी भांडी. शिवाय रहाटात चाक पाण्याला वर आणते, इथे पाणी चाकाला फिरवते. 'पाणचक्की'ही मी टाळेन, चक्की म्हटले की दळण आले. ('पवनचक्की' वीज करू लागली तरी ते नाव टिकले, पण तो शब्द आधीपासून रुळलेला होता.) 'चक्र' चुकीचे नाही, पण 'चाक' अधिक आपले वाटते. आणि बकेटला 'जोडवाटी' म्हणावे असे मी सुचवतो. जोडाक्षर, जोडवी, जोडपे यांच्या पंगतीत तो सहज बसतो, आणि ऐकताच आकार डोळ्यांपुढे येतो.

मुलांना हेही सांगा की हे चाक परके नाही. टाटांच्या 1915 मधल्या खोपोलीच्या वीजकेंद्रात पेल्टनच होते, आणि कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पोफळीला उतरते तेव्हाही पहिल्या दोन टप्प्यांत याच जोडवाट्यांवर आदळते. उंच कडा, खाली कोकण: पेल्टनला हवी तशीच ही जागा.

फलकावर एवढे पुरे: 'पेल्टन चाक. झोताचे पाणी जोडवाट्यांतून मागे वळते, त्या धक्क्याने चाक फिरते.' फक्त 'ल्' 'ट'ला जोडून लिहा. 'पेलटन' लिहिले की पुढच्या वर्षी पुन्हा कुणाला तरी पेलणे आठवेल.