लेक तिकडेही द्राक्षबागेतच चालली आहे

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी कॅलिफोर्नियात पर्यावरण विषयात एम.एस. करते. आता म्हणते, फ्रेस्नोकडच्या एका छोट्या संस्थेत मेक्सिकन शेतमजुरांमध्ये हवामान बदलाची जागृती करायची. डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. याला करिअर म्हणायचं की समाजसेवा?

उत्तर : नमस्कार दादा,

आधी ‘जागृती’ हा शब्द बाजूला ठेवू. जुलैच्या दुपारी फ्रेस्नोच्या बागेत राबणाऱ्या बाईला ऊन वाढलंय हे सांगायला एम.एस. लागत नाही. येल विद्यापीठाच्या २०१७ च्या पाहणीत अमेरिकेतल्या लॅटिनो (मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या) लोकांना हवामान बदलाची काळजी इतरांपेक्षा जास्त असल्याचं दिसलं. पण बहुतेकांकडे कुठलीही संस्था कधी फिरकलीच नव्हती. काळजी आहे, विचारणारं कोणी नाही. काम आहे ते इथं.

म्हणजे नेमकं काय? कॅलिफोर्नियात २००५ पासून उन्हाचा नियम आहे, आता तो असा : तापमान ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की उघड्यावर राबणाऱ्यांना सावली मिळाली पाहिजे, आणि प्यायला तर कधीही माणशी तासाला साधारण लिटरभर पाणी. ८० म्हणजे आपले २७ अंश, निफाडची जानेवारीतली दुपार! पण ज्याच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नाहीत तो मजूर मुकादमाकडे सावली मागायला धजत नाही. त्याला नियम सांगायचा, आणि पुढे त्यानेच जनसुनावणीत उभं राहून बोलावं इतका धीर द्यायचा.

हे दारोदार जाऊन करतात त्या ‘प्रोमोतोरा’, वस्तीतल्याच बायका. आपल्या आशाताईच म्हणा. तुमच्या लेकीने प्रोमोतोरा व्हायला जाऊ नये. परक्या पोरीला कोण दार उघडेल? तिची जागा त्यांच्या पाठीशी : त्यांचं प्रशिक्षण, ऊन आणि धुराचे नकाशे, अनुदानाचे अर्ज. अनुदानाचा अर्ज नीट लिहिता येणारं माणूस अशा संस्थेला सोन्यासारखं. आणि एक गोष्ट तिच्याकडे आहे जी वर्गातल्या इतरांकडे नसेल. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या छाटणीच्या, डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) टोळ्या बघत ती वाढली आहे. मुकादम कुठे गप्प बसतो आणि कुठे आवाज चढवतो, हे तिला शिकवावं लागणार नाही. तुमच्या बागेतल्या ‘थॉमसन’ जातीच्या द्राक्षाला ते नावसुद्धा कॅलिफोर्नियातच मिळालं.

आता खरी अडचण : भाषा. तिला स्पॅनिश किती येतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातच व्हेंचुरा भागात ‘थॉमस’ नावाचा वणवा पेटला, तेव्हा सूचना आधी इंग्रजीतच निघाल्या. मजूर धुरात स्ट्रॉबेरी तोडत होते. त्यातल्या कित्येकांची भाषा तर स्पॅनिशही नव्हे, मिश्तेक ही मेक्सिकोतल्या आदिवासींची भाषा. त्या भाषेचं लिखाण रोजच्या वापरात फारसं नाही, त्यामुळे छापील पत्रक वाटून उपयोग नाही, रेडिओवर किंवा समोरासमोर बोलावं लागतं. इंग्रजी पत्रक मशीनने स्पॅनिश करून वाटलं की झालं असं समजणारे पुष्कळ आहेत, तुमची लेक त्यांत नको. स्पॅनिशच्या डेले परीक्षेची बी-२ (बऱ्यापैकी सराईत बोलण्याची) पातळी गाठल्याशिवाय तिने या क्षेत्रात पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचं सरळ सांगतो. पगार सॉफ्टवेअरवाल्यांच्या जवळपासही नसेल. त्याहून मोठा प्रश्न व्हिसाचा. शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं. अभ्यासक्रम ‘स्टेम’ म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत असेल तर आणखी दोन, पण त्यासाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाचा परवाना तपासण्याच्या तिथल्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेला लागतो. छोट्या संस्था बऱ्याचदा नसतात. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी साध्या सेवाभावी संस्थेला चुकत नाही, विद्यापीठाला चुकते. म्हणून मी म्हणेन, हेच काम तिने विद्यापीठाच्या छत्राखाली शोधावं. यूसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ) मर्सेडचं कम्युनिटी अँड लेबर सेंटर शेतमजुरांवरच काम करतं, यूसी डेव्हिसमध्ये शेतीतल्या आरोग्य-सुरक्षेचं केंद्र आहे, आणि कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन तर आपल्या कृषी विज्ञान केंद्रासारखं गावोगाव पोचलेलं. नियम बदलत राहतात, तेव्हा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात तिने स्वतः जाऊन विचारावं, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये.

तेव्हा दादा, ‘नको’ म्हणू नका. फक्त फुकट काम करू देऊ नका. त्या संस्थेला तिने दोनच प्रश्न मेलवर विचारावेत : पगार किती, आणि ई-व्हेरिफायमध्ये नोंद आहे का. उत्तर आलं की कर्जाच्या हप्त्याच्या आकड्यासह मला पाठवा. मग हिशेबाला बसू.