दुपार दे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. परीक्षा नाही, पदवी नाही, बाहेरच्यांनाही बसू देतात, मग हा इतिहासाचा वर्ग भर दुपारी कशाला ठेवलाय, म्हणतोस. मामांच्या टॉवेलच्या कारखान्यातून बारा वाजता हिशेब सोडून उठायचं कसं? आणि रात्री मोबाइलवर तेच ऐकलं तर काय बिघडतं?

बिघडतं. दुपार दे.

दिवसभर खतावणी खरडून दमलेलं डोकं घेऊन बसलास, की तुला आधीच पटलेलं असतं तेवढंच ऐकू येतं. मी हे एकतीस वर्षं केलंय. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपण बहुधा संध्याकाळीच शहाणे होत आलोय. व्याख्यानं मलाही आवडतात. पण टाळी पडली की वक्ता गाडीत बसून जातो. वर्गातला मास्तर परवा पुन्हा येतो आणि परवाचाच प्रश्न तुला विचारतो.

१९३० साली इंग्रजांनी आपल्या सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आपल्याला पाठ आहे, असं तुझ्यासारखंच मलाही वाटायचं. गड्ड्याची यात्रा तोंडावर आली, की १२ जानेवारीला चार पुतळ्यांपाशी हार घेऊन जातोच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी. सोलापुरात पोरासोरांनाही ही नावं येतात. तर या वर्गाच्या सरांनी एके दिवशी फळ्यावर दोनच तारखा लिहिल्या: ८ मे १९३०, गोळीबार. १२ मे, मार्शल लॉ. "मधल्या दिवसांत काय होतं?" मी मागच्या बाकावरून ओरडलो, "सोलापूर स्वतंत्र होतं!" पोरं वळून बघायला लागली. सर म्हणाले, "बरं. मग गस्त कोण घालत होतं? बाजार कुणी सांभाळला? आणि हे तुम्हाला सांगितलं कुणी?" माझ्याकडे फक्त तिसऱ्याचं उत्तर होतं. वडिलांनी. "वडिलांना कुणी?" पुढे आणखी एक. ज्या दोन पोलिसांच्या खुनाबद्दल या चौघांवर खटला चालला, त्यांची नावं? चाळीस वर्षं हार घालणारा माणूस गप्प बसला. हुतात्म्यांबद्दलचा आदर तसूभर कमी झाला नाही, उलट झाला तर वाढला. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि मोबाइलवर ऐकून माझी झोप कधी उडालेली नाही.

म्हणून म्हणतो, दुपार दे. अर्धीमुर्धी नको.

गेल्या हिवाळ्यात सर आम्हाला हत्तरसंग कुडलला घेऊन गेले, भीमा-सीनेच्या संगमावर. मंदिरातल्या तुळईवरचा तो शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मान दुखेपर्यंत वर बघत एकेक अक्षर लावत होतो. एका ओळीला पाऊण तास! तुझ्या मोबाइलवर पाऊण तासात अख्खी मराठेशाही उरकते.

आता माझं सांगतो, म्हणजे मी फुकटचा उपदेश करतोय असं वाटायला नको. १९८८ साली अर्धी रजा टाकून एका कॉलेजात गेलो होतो, नुसता ऐकायला. शिपायाने फाटकावर विचारलं, "कुणाकडं काम आहे?" म्हटलं, ऐकायला आलोय. तो हसला आणि मला ऑफिसात पाठवलं. तिथे ओळखपत्र मागितलं. मी सायकल वळवली. पॅरिसला कॉलेज द फ्रान्स आहे, १५३० पासूनचं. नाव नोंदवायचं नाही, फी नाही, पदवी नाही, कुणीही येऊन बसावं. ते वाचलं तेव्हा चिडचिड झाली, पण खरा राग स्वतःचा. शिपायाने विचारलं, एवढंच. परत मी फिरलो, आणि पुढची वीस-बावीस वर्षं फिरकलो नाही.

नोकरीची शेवटची चार वर्षं मात्र अर्ध्या रजा टाकून बसलो. घरी अजून ऐकवतात की त्या रजांमुळे प्रमोशन गेलं. ते प्रमोशन बदलीसकट होतं आणि ते मी नाकारलं, हे कुणी लक्षात घेत नाही. नाकारलं ते वर्गासाठीच, हेही खरं. पण रजा माझ्या हक्काच्या होत्या! असो. तुला हे कशाला सांगतोय?

मामांना 'क्लास' म्हणू नकोस, ते आधी फी विचारतील. फुकट आहे म्हण. तरी नाहीच सोडलं, तर दोन तासांचा पगार कापून घ्या म्हण. तुझं लग्न व्हायचंय, हप्ते नाहीत. हे आत्ता जमलं नाही तर माझ्या वयापर्यंत थांबावं लागेल, आणि तेव्हा गुडघे जिना चढू देत नाहीत. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे.

दोनशे पानी वही आण, पाण्याची बाटली आण. मागे बसू नकोस, तिथला पंखा चालत नाही. सोमवारी पावणेबाराला मी फाटकाशी उभा असेन. शिपायाने अडवलंच, तर त्याच्याशी मी बोलतो.

तुझा,
काका