कोलेस्टेरॉल निर्दोष आणि दाह गुन्हेगार, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, एलडीएल (‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल) १६२, एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारी रक्ततपासणी) ३.८, वडिलांना ४९व्या वर्षी हृदयविकाराचा झटका. डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सुरू केलं. पण ‘खरा गुन्हेगार शरीरातला दाह, कोलेस्टेरॉल म्हणजे आग विझवायला आलेला बंब’ असं तुम्ही ऐकलंत, आणि आता गोळी सोडून समग्र मार्ग धरावा का, असं विचारताय.

आधी उत्तर देते: स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका. का, ते मी रोज जे बघते त्यावरून सांगते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शवविच्छेदनातली हृदयं आमच्याकडे तपासायला येतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे दर दोन-तीन मिलिमीटरवर आडवे काप घ्यायचे असतात. निरोगी धमनी सहज कापली जाते. रोगट धमनीत कॅल्शियम साचलेलं असतं, त्यामुळे सुरी करकरते आणि आतून पिवळसर लगदा बाहेर येतो. ‘अथेरोमा’ हे नाव लापशीसाठीच्या ग्रीक शब्दावरून पडलंय, आणि तो लगदा पाहिला की नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

हाच काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की सुईसारख्या टोकदार, पांढऱ्या फटी दिसतात. त्या कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांच्या जागा. स्लाइड तयार करताना वापरलेल्या रसायनांत स्फटिक विरघळतात आणि त्यांचा आकार तेवढा मागे राहतो. त्या फटींना अगदी खेटून मॅक्रोफेज पेशी बसलेल्या असतात. चरबी गिळून गिळून त्या फुगलेल्या, फेसाळ दिसतात. आजूबाजूला लिम्फोसाइट. या सगळ्या दाहाच्या पेशी. म्हणजे तुम्हाला ज्या दोघांतून एक निवडायला सांगितलं गेलंय, ते दोघे माझ्यासमोर एकाच स्लाइडवर असतात.

घडतं ते असं. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण धमनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि काही तिथेच अडकतात. अडकलेल्या कणांत रासायनिक बदल होतात, शरीराला ते परके वाटू लागतात आणि त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात. गिळून फुगलेल्या पेशी तिथेच मरतात, लगदा वाढतो. शरीर त्यावर तंतूंचं झाकण घालतं. दाह धुमसत राहिला तर पेशींतून निघणारी विकरं (एन्झाइम) हेच झाकण कुरतडतात. ते केसाइतकं पातळ झालं की एखाद्या दिवशी फाटतं, लगद्याला रक्त लागतं आणि गुठळी होते. फाटण्याआधी ही गाठ धमनीत फारशी जागा अडवत असेलच असं नाही, म्हणून काहींना त्या दिवसापर्यंत काहीच त्रास नसतो.

आता बंबाचं. ते खरं असतं तर बंब कमी पाठवल्यावर आग भडकायला हवी होती. घडतं उलटंच. पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे काही माणसांचं एलडीएल जन्मापासून कमी असतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार तब्बल ८८ टक्क्यांनी. दुसऱ्या टोकाला, ज्या मुलांना दोन्ही पालकांकडून एलडीएल रिसेप्टरचा, म्हणजे रक्तातलं एलडीएल पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचा, दोष मिळतो, त्यांच्यातल्या काहींना वयात येण्याआधीच झटका येतो. तंबाखू नाही, मधुमेह नाही, कोवळं वय. हा रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं.

पण दाहाची बाजूही पोकळ नाही, आणि काही डॉक्टर ती उडवून लावतात हे मला पटत नाही. २०१७ साली कॅन्टोस या चाचणीचे निष्कर्ष आले. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले दहा हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते. त्यांना दिलेलं कॅनाकिनुमॅब हे औषध फक्त दाह कमी करतं, एलडीएलला हातही लावत नाही, तरी त्याच्या मधल्या मात्रेने झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या दाहविरोधी औषधाचा काही उपयोग झाला नाही. म्हणून ‘दाह कमी करणारं’ एवढं लेबल पाहून एखादं चूर्ण किंवा कॅप्सूल घेऊ नका. कुठला दाह आणि कुठल्या वाटेने, यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या हातातली स्टॅटिनची गोळी एलडीएलबरोबर सीआरपीही खाली आणते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

समग्र विचार जरूर करा, मलाही तो हवाय. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी इंटरल्युकिन-६ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवतं. म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर मोजा. सिगारेट असेल तर बाकी सगळ्याच्या आधी ती सोडा. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का? घोरता का, आठ तास झोपूनही सकाळी थकवा असतो का? रक्तदाब घरी मोजता का? हे प्रश्न डॉक्टरांकडे काढा, कारण पाच मिनिटांच्या भेटीत ते राहून जातात. हे सगळं गोळीच्या जोडीने करा.

सीआरपी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. साधी सर्दी किंवा दाढदुखीही तो आकडा चढवते, त्यामुळे एकाच रिपोर्टवर काही ठरवू नये.

आणखी दोन तपासण्यांबद्दल विचारा. एक अपोबी, हे एक प्रथिन: धमनीत घुसू शकणाऱ्या प्रत्येक कणावर त्याचा एक रेणू असतो, म्हणजे ती कणांची थेट मोजदादच. दुसरी लिपोप्रोटीन-ए, हा एलडीएलसारखाच एक कण: त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते. वडिलांना ४९व्या वर्षी झटका आलाय, तेव्हा ती तुमची वाढलेली निघाली तर भावंडांनाही तपासायला सांगा, त्यांना काही त्रास होत नसला तरी.