तालीम: आखाड्यातली, नाटकातली आणि सेवाग्रामची

वर्धा जिल्ह्यात आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणाऱ्या एका वाचकानं विचारलं आहे: "सेवाग्रामले गेलो होतो, तिथं 'नई तालीम' वाचलं. आमच्या गावात तालीम म्हणजे नाटकाची, नाहीतर पैलवानाची. शाळेले तालीम काऊन म्हणते? अन् लिहितानी 'नई तालीमचा' का 'तालमीचा'?"

शब्द अरबी आहे. इल्म, आलिम, उलेमा ही त्याची सख्खी भावंडं. आपण सहज म्हणतो तो 'मालूम'ही त्याच घरचा. या कुळाचा धंदा जाणण्याचा आणि तालीम म्हणजे जाणतं करणं, शिकवणं. हिंदी-उर्दूत शब्दानं ते वळण सोडलं नाही, म्हणून तिकडे तालीम म्हणजे शिक्षण, मुख्यतः लिहिण्यावाचण्याचं. मराठीत आल्यावर मात्र गडी लंगोट कसून लाल मातीत उतरला. आपल्याकडे तालीम ही जागाही झाली ("पोरगा तालमीत गेलाय") आणि तिथला गुरू वस्ताद, म्हणजे फारसी उस्ताद. मग नाटकवाल्यांनी शब्द उचलला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की नाटकं रंगतात, आणि त्याआधी तालमी झडलेल्या असतात. 'अमक्याच्या तालमीत तयार झालेला' हे तर आपण गवयापासून पुढाऱ्यापर्यंत कुणाबद्दलही म्हणतो. यात पुस्तक कुठेच नाही. हात बसेपर्यंत तेच ते करत राहणं, एवढाच मराठी तालमीचा अर्थ.

आता सेवाग्रामकडे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं 'नई तालीम' या शिक्षणयोजनेचा आराखडा केला आणि पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला. संघाचं नावच हिंदुस्तानीतलं, म्हणजे हिंदी-उर्दूच्या समाईक बोलीतलं. 'नई' आणि 'तालीम' त्याच बोलीतले. म्हणून पाटीवर 'नवी' नाही. गुजरातीत शिक्षणाला 'केळवणी' असा फार सुंदर शब्द आहे. आपण सवय केळवतो, संयम केळवतो, पण शाळेपर्यंत काही तो शब्द नेला नाही. असो.

मला गंमत वाटते ती पुढे. शब्द घेतला हिंदुस्तानी अर्थानं, पण योजना निघाली थेट मराठी अर्थाची: सात वर्षं मातृभाषेतून शिक्षण आणि तेही हाताच्या एखाद्या कामाभोवती. तरीही ती नुसती आपली तालीम नव्हती. पिंजलेल्या कापसाचा पेळू चिमटीत धरून सूत काढायची टकळी फिरवायची, इथपर्यंत आखाडाच. पण सूत मोजायला बसलं की ४ फुटांचा एक तार, ६४० तारांची गुंडी, मग गुंडीत किती फूट? २५६०. पेळू कुठून आला म्हटलं की सरकी, पऱ्हाटी, काळी जमीन, पाऊस. हात बसला पाहिजे आणि हातानं डोक्याला प्रश्नही विचारले पाहिजेत, असा तो बेत. मुलांनी केलेल्या मालातून मास्तरांचा पगार निघावा, या गांधीजींच्या मुद्द्यावर तेव्हाच टीका झाली, पोरांना मजूर कराल म्हणून. ती टीका मला आजही रास्त वाटते.

आमच्या शाळेत 'कार्यानुभव' नावाचा तास होता. त्यात आम्ही दोनदा पाकिटं चिकटवली आणि उरलेलं वर्ष मैदान झाडलं. त्यातला अनुभव कुठला, हे आजतागायत उमजलं नाही. मराठीत 'टकळी'चा दुसरा अर्थ अखंड बडबड. बहुतेक वर्गांत तेवढीच टकळी शिल्लक राहिली.

'प्रशिक्षण' हा तुमच्या संस्थेच्या पाटीवरचा शब्द. त्यातली 'शिक्ष्' ही क्रिया संस्कृतात 'शक्'पासून निघते. शक् म्हणजे जमणं, शिक्ष् म्हणजे जमावं अशी इच्छा धरणं. म्हणजे शिक्षणाच्या मुळातही जाणण्याआधी जमणं आहे. तुम्ही पहिले काही दिवस लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासला असेल, काटकोन तपासायचा गुण्या लावून फटीतून उजेड येतो का ते पाहिलं असेल. घासणं ही मराठी तालीम. उजेड नेमका कुठून येतो आणि त्यावरून कोन किती चुकला, हे विचारायला लागलात की सेवाग्रामची तालीम सुरू.

लिहिण्याचं सोपं आहे. मराठीत मुरलेला शब्द वाकतो: तालीम, तालमी, तालमीत. 'नई तालीम' हे नाव आहे, त्याला वाकवू नये. 'नई तालीमचा अभ्यासक्रम', 'नई तालीममधले शिक्षक' असंच लिहा. 'नई तालमीचा' नको, कारण त्यात अर्धा शब्द हिंदी नि अर्धा मराठी चालतो. मराठीच करायचं असेल तर पूर्ण करा: 'नव्या तालमीचा'. फक्त गावात कुणी ते वाचलं तर पारावर नवा आखाडा निघाला असं समजेल, एवढी तयारी ठेवा.